उन्हात तग धरणाऱ्या पिकांची युक्ती
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



ऑगस्ट महिन्यात पावसाने तीन आठवडे ओढ दिली म्हणजे आपल्या शेतात काय दिसते, ते जरा आठवून पाहा. दुपारी सोयाबीनची पाने मान टाकतात, उलटी होऊन त्यांची पांढुरकी बाजू दिसू लागते. कापूस मलूल होतो. त्याच शेतात, त्याच ओळीत लव्हाळा मात्र हिरवागार उभा असतो. बांधावरची हरळी पसरतच राहते. शेजारच्या तुकड्यात ज्वारी असेल तर तिची पाने थोडी सुरळी होतात, पण पाऊस येताच ती पुन्हा उघडतात आणि पीक वाढीला लागते. जमीन तीच, ऊन तेच, ओलही तीच. मग हा फरक कशामुळे पडतो?

मुळांची खोली हे एक कारण आहेच. परंतु दुसरे आणि महत्त्वाचे कारण पानाच्या आत आहे. आज मी आपणास त्याविषयी सांगणार आहे. हे केवळ पुस्तकी ज्ञान नाही. कोणत्या जमिनीत काय पेरावे, तण केव्हा काढावे आणि पाणी कोणत्या पिकाला द्यावे, या तिन्ही प्रश्नांशी त्याचा संबंध आहे.

पानाची चूक

प्रत्येक हिरवे पान सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने हवेतील कर्बवायू आणि मुळांनी दिलेले पाणी यांपासून साखर तयार करते. यालाच आपण प्रकाशसंश्लेषण म्हणतो. हवेतील कर्बवायू पकडण्याचे काम पानातील एक विकर करते. त्याचे नाव रुबिस्को. आपण खातो तो प्रत्येक घास शेवटी या विकराच्या कामातूनच आलेला असतो.

परंतु या विकरात एक खोट आहे. कर्बवायू आणि प्राणवायू यांतील फरक त्याला नीट ओळखता येत नाही. धान्य निवडणाऱ्याने घाईघाईत दाण्याबरोबर खडाही उचलावा, तसे हे विकर कर्बवायूऐवजी प्राणवायू पकडते. साधारण २५ अंश सेल्सियस तापमानाला सुमारे चार वेळांत एकदा ही चूक होते. ऊन वाढले की चुका वाढतात. चुकून पकडलेला प्राणवायू निस्तरण्यासाठी पानाला शक्ती खर्च करावी लागते आणि आधी कमावलेला काही कर्बवायूही परत हवेत जातो. या क्रियेस प्रकाशश्वसन म्हणतात. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०१६ साली मांडलेल्या अंदाजानुसार तेथे या एका कारणाने सोयाबीनचे उत्पादन ३६ टक्क्यांनी व गव्हाचे २० टक्क्यांनी घटते. तेथील हवामान आपल्यापेक्षा थंड आहे, हे लक्षात घ्यावे.

पाण्याचा ताण पडला की अडचण आणखी वाढते. पानावर सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. कर्बवायू आत येतो तो याच छिद्रांतून आणि पाण्याची वाफ बाहेर जाते तीही याच छिद्रांतून. पाणी वाचवायचे म्हणून पानाने छिद्रे मिटली की आतील कर्बवायू कमी होतो, प्राणवायूचे प्रमाण वाढते आणि रुबिस्कोच्या चुका अधिकच वाढतात. म्हणजे छिद्रे उघडी ठेवली तर पाणी जाते, मिटली तर उपासमार होते. सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस, करडई, गहू, भात, हळद, केळी ही सर्व पिके या कोंडीत सापडतात. या वनस्पतींना शास्त्रात सी-३ वनस्पती म्हणतात.

ज्वारीने काढलेला तोडगा

ज्वारी, बाजरी, मका, ऊस, नाचणी, राळा, वरई आणि राजगिरा यांनी या कोंडीतून वाट काढली आहे. त्यांच्या पानात काम दोन जागी वाटलेले असते. बाहेरच्या पेशींत दुसरेच एक विकर बसलेले असते. ते प्राणवायूला हातही लावत नाही. ते फक्त कर्बवायू पकडते, त्याचे चार कर्बअणूंचे आम्ल तयार करते आणि ते आतल्या पेशींकडे पाठवते. आतल्या पेशी शिरांभोवती कड्यासारख्या रचलेल्या असतात. तेथे आम्लातून कर्बवायू पुन्हा मोकळा होतो आणि तेथेच रुबिस्को काम करत असते. त्या जागी कर्बवायूची एवढी गर्दी असते की चूक करण्यास वावच राहत नाही. खडे दारातच वेचून आत फक्त स्वच्छ धान्य द्यावे, तशी ही व्यवस्था आहे. पहिले आम्ल चार कर्बअणूंचे, म्हणून या वनस्पतींना सी-४ वनस्पती म्हणतात.

याचा दुसरा फायदा पाण्याचा. बाहेरचे विकर कर्बवायू इतक्या नेटाने ओढते की छिद्रे थोडी उघडी असली तरी भागते. साहजिकच पाण्याची वाफ कमी होते.

हा फरक आपणास स्वतः पाहता येईल. राजगिरा किंवा काटेमाठाचे पान उजेडासमोर धरून भिंगातून पाहा. शिरांचे जाळे गडद हिरवे दिसेल. त्या गडद रेषा म्हणजेच शिरांभोवतीची पेशींची कडी. ज्वारीचे आणि गव्हाचे पान शेजारी धरून पाहिल्यास ज्वारीच्या शिरा अधिक दाट दिसतील.

हे कोडे कसे उलगडले, तेही थोडक्यात सांगतो. १९११ सालापासून अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील ॲक्रन येथे ब्रिग्ज आणि शँट्झ या दोन शास्त्रज्ञांनी निरनिराळी पिके झाकण लावलेल्या कुंड्यांत वाढवली आणि कुंड्या वजन करून प्रत्येक पिकाने किती पाणी घेतले याची नोंद ठेवली. एक किलो वाळलेला पाला तयार करण्यास ज्वारी व वरईसारख्या पिकांना सुमारे ३०० लिटर पाणी लागले. गव्हाला सुमारे ५०० आणि लसूणघासाला ८०० लिटरपेक्षा अधिक लागले. असे का होते, हे त्या वेळी कोणालाच सांगता आले नाही. उत्तर मिळण्यास पन्नास वर्षे लागली, आणि ते मिळाले उसाच्या पानात. हवाई बेटांवरील संशोधकांनी १९६५ साली उसात चार कर्बअणूंचे आम्ल आधी तयार होते असे प्रसिद्ध केले. १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी या मार्गाची संगती लावण्यास सुरुवात केली.

एकदा नव्हे, साठपेक्षा अधिक वेळा

आता सर्वांत नवलाची गोष्ट. आपणास वाटेल की ही युक्ती एखाद्या पुरातन वनस्पतीला साधली असेल आणि आजची ज्वारी, राजगिरा, लव्हाळा हे सर्व तिचेच वंशज असतील. तसे नाही. शास्त्रज्ञांनी वनस्पतींच्या वंशावळी तपासल्या तेव्हा असे आढळून आले की ही युक्ती निरनिराळ्या कुळांत साठपेक्षा अधिक वेळा स्वतंत्रपणे उत्पन्न झाली आहे. एकट्या गवत कुळातच ती वीसपेक्षा अधिक वेळा आली. सुरुवात साधारण तीन कोटी वर्षांपूर्वी झाली असावी. त्या काळी हवेतील कर्बवायू कमी झाला होता, आणि उष्ण, कोरड्या, उघड्या जागी वाढणाऱ्या वनस्पतींची वर सांगितलेली कोंडी तीव्र झाली होती.

याचा पुरावा पानातच आहे. आतल्या पेशींत आम्लातून कर्बवायू मोकळा करण्याचे काम ज्वारी, मका आणि उसात एक विकर करते, तर नाचणी आणि राजगिऱ्यात ते काम मुख्यतः दुसरेच विकर करते. गावातल्या दोन विहिरींना पाणी सारखेच लागले तरी त्या दोन माणसांनी वेगवेगळ्या खणल्या, हे बांधकामावरून कळते, तसेच हे आहे.

एवढ्या वेळा हे कसे घडले? कारण लागणारे सुटे भाग प्रत्येक वनस्पतीत आधीपासून होतेच. कर्बवायू पकडणारे ते दुसरे विकर सोयाबीनमध्येही आहे, पण तेथे ते किरकोळ कामे करते. शिरांभोवतीच्या पेशीही बहुतेक वनस्पतींत असतात. नवे यंत्र आणावे लागले नाही, घरातल्याच अवजारांना नवे काम मिळाले. हा बदल एका दिवसात झाला नाही, तो पायरीपायरीने झाला. यातील मधल्या पायरीवरची वनस्पती आपल्या दारातच आहे. ती म्हणजे गाजरगवत. ते सी-३ आणि सी-४ यांच्या दरम्यानचे गणले जाते.

तिळवणीचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. पांढऱ्या फुलांची तिळवण सी-४ आहे, तर तिच्याच गोतातली पिवळी तिळवण सी-३ आहे. दोन्ही आपल्याकडे तण म्हणून उगवतात.

घोळीची भाजी तर या सर्वांवर कडी करते. घोळ ही सी-४ वनस्पती आहे. परंतु पाण्याचा ताण पडला की ती निवडुंग, घायपात आणि ड्रॅगन फ्रूट यांची पद्धतही वापरते. म्हणजे दिवसा पर्णरंध्रे मिटून ठेवायची, रात्री गारव्यात उघडायची, रात्रभर कर्बवायू आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा तो वापरायचा. म्हणूनच ताणात वाढलेली घोळ पहाटे तोडली तर अधिक आंबट लागते आणि संध्याकाळी आंबटपणा कमी होतो. अशीच चव भारतात राहणाऱ्या बेंजामिन हाईन या वनस्पतितज्ज्ञाने पानफुटीच्या पानात टिपली होती. त्याचे ते निरीक्षण १८१५ साली लंडन येथे छापले गेले. पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागते, असे त्याने लिहिले. पुढे या पद्धतीचा जो अभ्यास झाला, त्याच्या आरंभीच्या नोंदींत ही नोंद मोडते.

जे घडले नाही तेही लक्षात घ्या

एवढ्या वेळा घडलेली ही गोष्ट एका कुळात मात्र एकदाही घडलेली नाही. ते म्हणजे शेंगवर्गीय कुळ. या कुळात सुमारे वीस हजार जाती आहेत, पण त्यांत एकही सी-४ जात आढळलेली नाही. सोयाबीन, तूर, मूग, उडीद, हरभरा, भुईमूग ही सर्व याच कुळातली. कापसातही ही युक्ती नाही.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो? एकेकाळी आपल्या खरिपात ज्वारीचे मोठे क्षेत्र असे. आज तेथे सोयाबीन आहे. ही निवड आपण उगाच केलेली नाही. सोयाबीन सुमारे शंभर दिवसांत निघते, रोख पैसा देते आणि रब्बीला रान मोकळे करते. खरीप ज्वारीचे कणीस पावसात सापडले की दाणे काळे पडतात, पाखरे राखावी लागतात, काढणीस मजूर मिळत नाहीत आणि भावही मिळत नाही. ही कारणे खरी आहेत. परंतु एक गोष्ट मान्य करावी लागेल. आपण उन्हात तग धरणारे पीक काढून त्या जागी उन्हात उपाशी राहणारे पीक घेतले. पाऊस वेळेवर पडतो तोवर हा फरक जाणवत नाही. फुले व शेंगा लागताना खंड पडला की तो जाणवतो.

सी-३ पिकांत ही युक्ती बसवण्याचे प्रयत्न चालू आहेत. भातामध्ये ती आणण्यासाठी २००८ च्या सुमारास अनेक देशांतील संस्थांनी मिळून मोठा प्रकल्प हाती घेतला. निसर्गाला जे साठ वेळा जमले ते माणसालाही जमावे, हा त्यामागचा विचार. तथापि असा भात अद्याप शेतकऱ्याच्या हाती आलेला नाही. सी-४ सोयाबीन किंवा सी-४ कापूसही बाजारात नाही. कोणी तसे सांगून बियाणे किंवा फवारणीचे औषध विकू लागल्यास विश्वास ठेवू नये.

कमी पाण्यात जास्त पाला, पण किती दिवस?

येथे एक प्रश्न आपण नक्की विचाराल. ऊसही सी-४, मग तो पाणी वाचवणारा का नाही?

ज्वारी आणि ऊस ही एकाच भावकीतली पिके. दोघांच्या पानातील यंत्रणा एकच. एका लिटर पाण्यात जेवढा पाला उसाने करावा तेवढा बहुतेक पिकांना जमत नाही. परंतु काटकसरीने चालणारे इंजिनसुद्धा वर्षभर रात्रंदिवस चालवले तर डिझेलची टाकी रिकामी होतेच. खरीप ज्वारी साधारण साडेतीन-चार महिन्यांत निघते आणि तिला ४५० ते ५०० मि.मी. पाणी पुरते. ऊस बारा ते अठरा महिने रानात असतो आणि त्याला पाटपाण्यावर २,००० ते २,५०० मि.मी. पाणी लागते. लातूर जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सुमारे ८०० मि.मी. आणि नांदेडचे सुमारे ९०० मि.मी. आहे.

हिशोब करून पाहू. एक एकरावर एक मि.मी. पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर. उसाची गरज २,००० मि.मी. धरली आणि त्यातील ७०० मि.मी. पावसाने भागवली असे मानले, तरी १,३०० मि.मी. म्हणजे ५२ लाख लिटर पाणी विहीर, बोअर किंवा कालव्यातून द्यावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले, तेव्हा मिरजेहून लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण कोणीही विसरलेलो नाही. १२ एप्रिलला आलेल्या पहिल्या गाडीत दहा डबे आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास डब्यांची गाडी सुरू झाली, तीत एका खेपेस सुमारे २५ लाख लिटर येई. म्हणजे एक एकर उसाला वर्षाकाठी अशा दोन पूर्ण गाड्या लागतात.

ऊस लावूच नका, असे मी म्हणत नाही. हमीचा भाव असलेले पीक शेतकरी का घेतो, हे मला समजते. पण जेवढे पाणी आपल्या विहिरीत मे महिन्यात राहते तेवढ्यापुरताच ऊस लावावा, तो ठिबकवर घ्यावा आणि पाचट न जाळता आच्छादन म्हणून वापरावे. ठिबकने पाण्याची मोठी बचत होते. उरलेल्या रानात त्याच भावकीतली, पण चार महिन्यांत निघणारी ज्वारी घ्यावी.

शेतात काय करावे

वरील माहितीचा उपयोग कसा करावा, ते आता मुद्द्यांनी सांगतो.

१) सर्व रान एकाच प्रकारच्या पिकाखाली ठेवू नये. खरिपात ज्वारी + तूर हे आंतरपीक ४:२ ओळींच्या प्रमाणात घ्यावे. ज्वारी खंड सोसते, तूर खोल मुळांनी मागाहून ओल घेते आणि जमिनीस नत्रही देते. सी-४ तृणधान्य आणि सी-३ कडधान्य यांची ही जोडी आपल्या वाडवडिलांनी अनुभवाने जुळवलेली आहे. खरिपासाठी आपल्या विद्यापीठाचा परभणी शक्ती हा वाण २०१८ साली उपलब्ध झाला असून त्याच्या दाण्यात लोह व जस्त अधिक आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून शहरांतही ज्वारीची विचारणा वाढली आहे.

२) रब्बी ज्वारी खोल काळ्या जमिनीतच घ्यावी आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात पेरावी. सी-४ पिकांना ऊब हवी असते, थंडीत त्यांची यंत्रणा मंदावते. लवकर पेरलेल्या ज्वारीला वाढीसाठी उबदार दिवस मिळतात. उशीर झाल्यास थंडीही बाधते आणि खोडमाशीही. याउलट गहू व हरभरा ही सी-३ पिके थंडीत खूश असतात, म्हणून ती मागाहून पेरतात. मालदांडी, परभणी मोती यांसारख्या वाणांपासून धान्याबरोबर कडबाही मिळतो. ज्यांच्या दावणीला जनावरे आहेत त्यांनी कडब्याची किंमत हिशोबात धरल्याशिवाय ज्वारी परवडत नाही असे म्हणू नये.

३) सोयाबीन व कापसातील तणांकडे आता नव्या नजरेने पाहावे. लव्हाळा, हरळी, कुंदा, काटेमाठ, घोळ, सराटा ही सर्व सी-४ तणे आहेत. पावसाचा खंड पडून ऊन तापले की आपले पीक थांबते आणि तण पुढे सरकते. त्यामुळे खंडाच्या काळात तण राहू देणे सर्वांत महागात पडते. सोयाबीनचे रान पहिले सहा आठवडे तणविरहित ठेवावे. पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी पहिली आणि ३० ते ३५ दिवसांनी दुसरी कोळपणी करावी, गरजेनुसार खुरपणी करावी. कोळपणीने भेगा बुजतात व ओलही टिकते.

४) सी-४ तणांची एक उणीव आपल्या उपयोगी पडते. त्यांच्या जोडयंत्रणेस अधिक शक्ती लागते आणि ती शक्ती सूर्यप्रकाशातून येते. म्हणून ही तणे सावलीत दुबळी होतात. लव्हाळ्याला तर सावली मुळीच सोसत नाही. सोयाबीन शिफारशीप्रमाणे ४५ × ५ सें.मी. अंतरावर पेरून, उगवण तपासलेले बी वापरून आणि नांगे भरून ओळी लवकर मिळतील असे पाहावे. ओळी मिळाल्या की पिकाची सावलीच निंदणी करते.

५) संरक्षित पाणी एकच देता येत असेल तर ते सी-३ पिकाला फुले किंवा शेंगा भरण्याच्या वेळी द्यावे. ज्वारी त्या आठवड्यात वाट पाहू शकते, सोयाबीन पाहू शकत नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपण ज्याला तण म्हणून शिव्या देतो त्या लव्हाळ्याने आणि घोळीने, आणि आपण जिला गरिबाचे धान्य म्हणून मागे टाकले त्या ज्वारीने एकाच संकटावर वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कुळांत एकच उत्तर शोधले आहे. साठ वेळा जे उत्तर बरोबर ठरले त्याला आपल्या शेतात थोडी तरी जागा असावी. येत्या हंगामात दहा एकरांपैकी किमान दोन एकर ज्वारीला द्या, आणि खंडाच्या त्या तीन आठवड्यांत दुपारी बांधावर उभे राहून दोन्ही पिकांची पाने पाहा. जे दिसेल ते पुढच्या मेळाव्यात मला येऊन सांगा.